माझ्याच हाडातलं मला पुरंल

इंजेक्शन देताना कुसुमशिस्टर आधी भांडण काढायच्या. माणूस बाकावर बसला, त्याने बाही वर केली, की सुई भरता भरता त्या एकदम कडक आवाजात विचारायच्या, "काय बे, काल माझ्या दारात बैल कुनी बांधलता?" त्या माणसाने जन्मात कधी त्यांच्या दारात बैल बांधलेला नसायचा. तो गोंधळायचा, हात झटकायचा, "आईशप्पत शिस्टर, मी तर काल माजलगावला गेलतो," असं म्हणेपर्यंत सुई आत जाऊन बाहेर आलेली असायची. "बरं, गेलता तर गेलता. धर हा कापूस," असं म्हणून शिस्टर पुढच्याकडे वळायच्या. बायकांसाठी भांडण वेगळं असायचं. "कावून गं, सासूला माझ्याबद्दल काय सांगितलंस?" हे बहुतेक वेळा चालायचं, कारण प्रत्येकीने सासूला कोणाबद्दल तरी काहीतरी सांगितलेलं असायचंच.

दिंद्रुडच्या सरकारी दवाखान्यात त्यांनी जवळजवळ सगळी नोकरी काढली. मी गावातल्या शाळेत शिक्षिका. आमची घरं शेजारी शेजारी, मधे तुराट्यांचं कुंपण. त्या कुंपणाला शिस्टरांनी एक भगदाड पाडून ठेवलं होतं. दारातून फेरा घालून यायचा त्यांना कंटाळा. साडी सावरत, एक खांदा पुढे करून त्या भगदाडातून आत शिरायच्या आणि "बाई, हाय का च्या?" असं विचारत थेट चुलीपाशी. बुटक्या, काळ्यासावळ्या, मनगटावर पुरुषी घड्याळ, अंगाला डेटॉलचा वास. चालणं असं, की सोबतच्या माणसाला अर्धं पळावं लागे.

माणसांना त्या नावाने कमी आणि आजाराने जास्त ओळखायच्या. एकदा गावात नव्या सरपंचाचा सत्कार होता. स्टेजवर फेटा बांधून बसलेल्या सरपंचाला त्यांनी भर सभेत सांगितलं, "तू व्हय? तुला गोवराच्या लशीनंतर ताप आलता. लई रडलास. तुझी माय मला शिव्या देत बसली." सगळा मांडव हसला. सरपंचही हसला, पण पुढची पाच वर्षं तो दवाखान्याच्या रस्त्याने फारसा गेला नाही.

त्यांचं घर बौद्ध. वडलांनी बाबासाहेबांबरोबर दीक्षा घेतलेली. भिंतीवर दोनच तसबिरी, बुद्ध आणि बाबासाहेब. गावातल्या एका मोठ्या घरी त्यांनी सुनेचं अवघड बाळंतपण केलं. बाळ रडलं, घरात पेढे वाटले, सगळ्यांना स्टीलच्या कपातून चहा आला आणि शिस्टरांना कागदाच्या. त्यांनी कप हातात घेतला, फिरवून पाहिला आणि घरच्या म्हातारीला शांतपणे म्हणाल्या, "काकू, तुमी माझ्या दारावर आल्त्या तवा मी तुमाला काचंच्या कपात पाजला हुता." थोड्या वेळाने आतून स्टीलचा कप आला. शिस्टरांनी त्यातला चहा प्यायला, बाळाची नाळ पुन्हा एकदा तपासली आणि निघाल्या. मला हे त्यांनी सांगितलं ते हसत सांगितलं. पण सांगून झाल्यावर बराच वेळ त्या कुंपणाकडे बघत बसल्या होत्या.

नवरा एसटीत कंडक्टर होता. दारूने गेला. मुलगी प्रज्ञा तेव्हा बालवाडीत. शिस्टर नवऱ्याबद्दल वाईट बोलायच्या नाहीत. "मानूस गुनी हुता, पन बाटलीपुढं कच्चा," एवढंच. मात्र दारू विकणाऱ्याला त्यांनी कधी सोडलं नाही. उसाच्या फडामागे बबन नावाचा एक माणूस कॅनमधून हातभट्टीची विकायचा. वस्तीतल्या बायका घेऊन शिस्टर तिथे गेल्या आणि एकेक कॅन उचलून पाटात उपडा करायला लागल्या. बबन काठी घेऊन धावला. शिस्टर पुढे झाल्या. "मार. पन आधी सांग, तुझ्या धाकट्याला दुसरा डोस कवा दिलता?" बबन थांबला. काठी तशीच वर. तो खरोखरच आठवायला लागला. "संक्रांतीला… न्हाई, संक्रांतीच्या आधी…" तेवढ्यात उरलेले कॅन रिकामे झाले. दुसऱ्या दिवशी तो पोराला घेऊन दवाखान्यात आला, कारण दुसरा डोस राहिलाच होता.

निवृत्त झाल्यावर त्या दिंद्रुडलाच राहिल्या. प्रज्ञा लातूरला बँकेत होती, तिने खूप बोलावलं. "तिथं मला कोन वळखतंय? कुनाशी भांडू?" असं म्हणून त्या गेल्या नाहीत.

आजार पायांपासून सुरू झाला. पाय सुजायचे. मग पोट. त्या स्वतःच पोटावर बोटं आपटून आत पाणी झालंय का बघायच्या. त्यांना कळलं होतं. अंबाजोगाईला तपासणी झाली, तिथून संभाजीनगरच्या पोटविकाराच्या डॉक्टरांकडे. मी आणि प्रज्ञा सोबत होतो. लिव्हर सुकलं होतं. सिरोसिस.

डॉक्टर तरुण होते, हळू बोलणारे. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "दारू वगैरे…?" शिस्टरांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते लगेच पुढच्या कागदाकडे वळले. रक्तात हिपॅटायटिस बी सापडला. किती वर्षांपासून होता ते सांगता येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, नर्सेसना हा सुईतून होऊ शकतो. शिस्टर आपल्या बोटांकडे बघत होत्या. काचेच्या सिरिंजा भांड्यात उकळून पुन्हा पुन्हा वापरायच्या त्या काळात बोटाला सुई टोचणं म्हणजे कांदा चिरताना बोट कापण्यासारखं होतं. पदराला पुसायचं आणि पुढचा पेशंट. पुढे याच रोगाची लस आली, ती त्यांनी गावातल्या पोरांना दिली. स्वतःला कधी टोचून घेतली नव्हती.

गावाला हिपॅटायटिस कळत नाही. लिव्हर गेलं म्हणजे दारू. "नवऱ्यासंगं पेत असल," असं कुणीतरी म्हणालं आणि ते सगळीकडे गेलं. शिस्टरांच्या कानावरही आलं. बबन एक दिवस भेटायला आला. हातात मोसंब्या. ओसरीच्या खाली उकिडवा बसला आणि खरंच काळजीने म्हणाला, "शिस्टर, मी तर एवढी वर्सं इकली. तुमी कवा पेत हुत्या?" त्याला टोमणा मारायचा नव्हता, त्याला खरोखरच प्रश्न पडला होता. आयुष्यात पहिल्यांदा मी शिस्टरांना कुणाला उत्तर न देताना पाहिलं. बबन गेल्यावर त्यांनी मोसंब्या शेजारच्या पोरांना वाटून टाकल्या आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडल्या.

विषाणू दाबायची गोळी सुरू झाली. पण जे लिव्हर घट्ट होऊन बसलं होतं ते सुटणार नव्हतं. पोटातलं पाणी काढलं की पुन्हा भरायचं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "खरा उपाय प्रत्यारोपण. घरातलं कुणी लिव्हरचा तुकडा दिला तर…" वाक्य पूर्ण व्हायच्या आत प्रज्ञा म्हणाली, "मी देते."

"तू गप," शिस्टर म्हणाल्या.

"आई, लिव्हर परत वाढतं. डॉक्टरांना विचार."

"तुझं दोन वर्साचं लेकरू हाय. उद्या टेबलावर काय झालं तर त्याला काय सांगू? आजीनं तुझी माय खाल्ली म्हनून?"

प्रज्ञाचा नवरा शेजारी उभा होता. तो नाही म्हणाला नव्हता. हो पण म्हणाला नव्हता. शिस्टरांनी तेही पाहिलं होतं.

त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "दुसरं काय हाय? माझ्या आंगातलंच काय करता येतं का?"

डॉक्टर थोडे घुटमळले. मग म्हणाले की एक इंजेक्शन आहे. हाडांच्या आतल्या मगजात मूळपेशी असतात. हे औषध त्यांना तिथून हलवतं, रक्तात आणतं. त्या लिव्हरपर्यंत पोचून दुरुस्तीला मदत करतील, अशी कल्पना आहे. काही पेशंटना फरक पडलेला दिसतो. पण पक्की खात्री कुणीच देत नाही, जगभरातले डॉक्टर यावर एकमताचे नाहीत. "आणि ताई, हे प्रत्यारोपणाच्या ऐवजी नाही. तिकडचा विचार सोडू नका."

शेवटचं वाक्य शिस्टरांनी ऐकलं नाही. नर्स म्हणून त्यांनी हजारांना सांगितलं असेल, डॉक्टरचं पूर्ण ऐकून घ्या म्हणून. स्वतःच्या वेळी त्या मधेच उठल्या. "बास. माझ्याच हाडातलं मला पुरंल."

परतीच्या गाडीत त्यांना इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलावंसं वाटलं. मला समजावून सांगत होत्या. "बाई, आपल्याकडं ऊसतोडीला टोळी कशी निघती? मान्सं घरी बसूनच असत्यात. मुकादम येतो, गाडीत घालतो, फडावर नेऊन सोडतो. हे औषध म्हंजी मुकादम. हाडात टोळी बसलीय नुसती. तिला उठवून कामावर लावायचं."

"आणि टोळी फडावर पोचली नाही तर?" मी विचारलं.

"मुकादम कशाला असतो मग?"

पुढे बसलेली प्रज्ञा खिडकीबाहेर बघत होती.

काही दिवस रोज एक इंजेक्शन, मग थांबायचं, पुढच्या महिन्यात पुन्हा, असं चक्र होतं. शिस्टर पोटावर स्वतःच टोचून घ्यायच्या. इतकी वर्षं दुसऱ्याला टोचणाऱ्या त्या बोटांना स्वतःच्या कातडीची सवय नव्हती. पहिल्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "बाई, भांडा की माझ्याशी."

"कशावरून?"

"कशावरूनबी. लवकर."

मी म्हणाले, "तुम्ही माझं कुंपण मोडलं." त्या हसल्या, आणि हसताना त्यांचं पोट हललं, म्हणून सुई काढून पुन्हा लावावी लागली. "तुमाला भांडता बी येत न्हाई," त्या म्हणाल्या.

मग हाडं दुखायला लागली. कंबर, मांड्या, छातीच्या मधलं हाड. आतून ठणका. ते औषधाचंच दुखणं होतं, डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं. मी विचारलं, गोळी देऊ का? त्यांनी नको म्हणून मान हलवली. बाजेवर आडव्या पडून, डोळे मिटून, त्या जवळजवळ आनंदाने म्हणाल्या, "दुखू द्या. दुखतंय म्हंजी निघालेत." आयुष्यभर लोकांचं दुखणं कमी करणारी ही बाई स्वतःच्या दुखण्यावर हात ठेवून ते वाढायची वाट बघत होती. एखाद्या दिवशी कमी दुखलं तर तिला काळजी वाटायची.

आणि खरंच बरं वाटायला लागलं. पोटातलं पाणी कमी भरायला लागलं. त्या भाकरी मागून घ्यायला लागल्या. मीठ बंद होतं म्हणून कुरकुरायच्या, पण खायच्या. एके सकाळी भगदाडातून आत आल्या, कितीतरी महिन्यांनी. "बाई, हाय का च्या?" मी चहा ठेवला आणि पाठ फिरवून उभी राहिले. नातवाच्या वाढदिवसाला त्या लातूरला जाऊन आल्या. तिथे प्रज्ञाने पुन्हा विषय काढला, निदान तपासण्या तरी करून ठेवू. शिस्टर म्हणाल्या, "बघ की माझ्याकडं. आता कशाला?" डॉक्टरही सावधपणे म्हणाले, सुधारणा आहे, पण ती इंजेक्शनने की गोळीने की आपोआपच, हे मला सांगता येणार नाही. आणि ती टिकेल का, तेही नाही.

टिकली नाही.

पाऊस संपता संपता पाय पुन्हा सुजले. डोळे पिवळे झाले. आणखी एक चक्र दिलं. हाडं नेहमीसारखी ठणकली. रक्ताच्या तपासणीत पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसत होत्या, म्हणजे औषध आपलं काम करत होतं. लिव्हरचे आकडे मात्र घसरतच होते. डॉक्टरांनी कागद पुढे ठेवला. शिस्टरांनी तो स्वतः वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा वाचला.

"टोळी निघतीय," त्या म्हणाल्या, "पन फडात जाईना." मग कागद घडी करून परत दिला.

त्यानंतरची एक सकाळ मला विसरता येत नाही. शाळेत प्रार्थना चालू होती. शिस्टर फाटकातून आत आल्या. नोकरीतली पांढरी साडी, चुरगळलेली, खांद्याला पिशवी. त्या सरळ पहिलीच्या रांगेपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "बाह्या वर करा." मुलांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाह्या वर केल्या. शिस्टरांच्या हातात काहीच नव्हतं. त्यांचे हात मनगटापासून पाखराच्या पंखासारखे फडफडत होते. त्या एकेका मुलाचा दंड धरायच्या, चोळायच्या आणि पुढे सरकायच्या. मुलं आधी हसली. मग कुणीच हसेना. लिव्हर काम करेनासं झालं की विष मेंदूत चढतं आणि माणूस असा भरकटतो, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त त्यांचा हात धरला.

"बाई, लस सपली का?"

"हो. संपली."

"मग ह्यास्नी सोडा. उनात कावून उभं केलंय लेकरास्नी?"

दवाखान्यात नेल्यावर औषधाने त्यांचं डोकं ताळ्यावर आलं. शाळेत काय झालं ते त्यांनी विचारलं. मी थोडंसं सांगितलं. त्यांनी सगळं ओळखलं. चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली. मग म्हणाल्या, "प्रज्ञाला फोन लावा."

फोन मी त्यांच्या कानाला धरला होता, म्हणून मला ऐकू आलं.

"प्रज्ञा, मला भ्या वाटतंय गं." त्यांनी फोन माझ्या हातासकट कानाशी दाबला. "मी लई मोठं बोलले. पन मला जगायचंय. देतीस का?"

प्रज्ञा त्याच दिवशी आली. बाळाला सासूकडे ठेवून, नवऱ्याला सोबत घेऊन. दोघांनीही काही म्हणून दाखवलं नाही. तिच्या तपासण्या सुरू झाल्या. रक्तगट जुळत होता. लिव्हर उत्तम होतं. ती कागद दाखवायला आली तेव्हा शिस्टरांनी तिचा हात आपल्या गालाला लावून घेतला आणि तसाच धरून ठेवला. त्या चार-दोन दिवसांत त्या खोलीत जी आशा होती, ती इंजेक्शनच्या आशेसारखी नव्हती. ती खरी होती.

मग ताप आला. पोटातल्या पाण्यात जंतू झाले होते. तापाच्या मागोमाग किडनी मंदावली. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावलं. आता त्यांचं शरीर एवढं मोठं ऑपरेशन झेलणार नाही, असं ते म्हणाले. आधी हे आटोक्यात यायला हवं. ते येईल असं वाटत नाही.

प्रज्ञाने विचारलं, "लातूरला आली होती, बरी होती, तेव्हा?"

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. खोटं बोलण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. "तेव्हा करता आलं असतं," ते म्हणाले.

प्रज्ञा भिंतीला टेकली. मी तिला धरायला गेले, तर तिने हाताने मला थांबवलं. पोटाच्या उजव्या बाजूला, बरगडीखाली, तिने हात ठेवला होता. द्यायचं ठरलेलं तिथेच राहिलं होतं.

आतमध्ये शिस्टरांना हे कुणी सांगायचं, यावर आम्ही बोललोच नाही. प्रज्ञा आत गेली, त्यांनी तिच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "घरी चल. मला घरी ने."

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्यांच्या ओसरीवर. शाळा सुटल्यावर गेले होते. हिवाळ्याचं ऊन होतं. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, आतून कुणीतरी हळद घातल्यासारख्या पिवळ्या. काविळीने अंगाला खाज सुटायची आणि त्या खाजवून खाजवून दंड रक्ताळून घ्यायच्या. म्हणून प्रज्ञा समोर बसून त्यांची नखं कापत होती. त्यांनी हात पुढे करून दिला होता. एक हात झाला की दुसरा. मला त्यांनी ओळखलं की नाही ते कळलं नाही. माझ्याकडे बघून त्यांनी एवढंच म्हटलं, "बसा की." आणि पुन्हा आपल्या बोटांकडे बघू लागल्या.

मी पायरीवर बसले. प्रज्ञाने एक नख कापलं, ते आपल्या तळहातावर घेतलं आणि मान वर न करता म्हणाली, "मावशी, परवाच कापली होती मी. बघा ना, कशी भराभर वाढतात."

तिने पुढचं बोट हातात घेतलं.